रशियाचं ‘हायब्रिड युद्ध’: खरी चाल की समोरच्याच्या मनातला बागुलबुवा?

कोथरूडकर: रशियाकडे म्हणे ‘गेरासिमोव सिद्धांत’ आहे. फौज न हलवता अफवा, हॅकर आणि पैसा वापरून देश पोखरायचा. पण रशियन सेनाप्रमुख गेरासिमोव यांच्या २०१३च्या त्या लेखात रोख आहे अरब उठावांवर. म्हणजे त्यांच्या लेखी हा उद्योग पाश्चात्त्यांचा! ‘सिद्धांत’ हे नाव ब्रिटिश अभ्यासक मार्क गॅलिओटी यांनी आपल्या ब्लॉगवर दिलं आणि २०१८ मध्ये त्यांनीच त्याबद्दल माफी मागितली. रशिया काय, पाश्चात्त्य काय, दोघंही एकमेकांना बघून घाबरलेत, बाकी काही नाही.

चाकणचा निर्यातवाला: माफीनं माझा माल सुटला नसता. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ हा संगणकातला व्हायरस पसरला आणि इकडे न्हावा शेवाचं एक टर्मिनल ठप्प झालं. अमेरिका-ब्रिटननं रशियन लष्कराचं नाव घेतलं, रशियानं कानावर हात ठेवले. युक्रेनच्या क्रिमियात २०१४ला हेच. बिनबिल्ल्याचे सैनिक दिसले तर पुतिन म्हणाले, असे गणवेश दुकानात मिळतात. दीड महिन्यानं कबुली!

कोथरूडकर: नुकसान झालं, मान्य. पण बिनलढाईचे एवढे उस्ताद असते तर २०२२ला रणगाडे घेऊन कीववर कशाला गेले असते?

गावाकडचा: आमच्याकडे हायब्रिड म्हणजे ज्वारी. चालू द्या.

पेठेतला: लाल महालाच्या गावात बसून हा वाद घालताय, म्हणून सांगतो. ‘गनिमी कावा’ हा शब्दच बघा. गनीम म्हणजे शत्रू, आणि मोगल मराठ्यांना गनीम म्हणायचे. आपण मिरवतो ते नाव मुळात समोरच्याच्या नजरेतून आलेलं. १६६३च्या छाप्यानंतर मोगल छावणीत संशय कुणावर? त्यांच्याच जसवंतसिंहावर! छापा एका रात्रीत आटोपला, संशय मात्र मुक्कामाला राहिला. २०१६च्या निवडणुकीनंतर अमेरिकेतही तेच. न पटणारा जो तो रशियाचा बॉट.

चाकणचा निर्यातवाला: महाराजांची तुलना पुतिनशी? जरा जपून.

पेठेतला: महाराजांची कुठे करतोय? शाइस्ताखानाची करतोय.

कोथरूडकर: मग माझंच खरं झालं की. चालीपेक्षा धसका मोठा.

चाकणचा निर्यातवाला: खानाची बोटं काय धसक्यानं तुटली?