मदत हवी आहे : एएलएसमध्ये टीडीपी-४३ प्रथिनाचा बिघाड नेमका कुठून सुरू होतो?

नमस्कार,

माझ्या मामांना (वय ६१) आठ महिन्यांपूर्वी मोटर न्यूरॉन डिसीजचे (स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाणाऱ्या आजाराचे), त्यातही एएलएस या प्रकाराचे निदान झाले. उजव्या हाताने शर्टाची बटणे लावता येईनाशी झाली, तेव्हापासून निदानापर्यंत वर्ष गेले आणि त्यातले पाच महिने मानेच्या मणक्याचा त्रास समजून व्यायाम करण्यात गेले. घराण्यात हा आजार पूर्वी कोणालाही नव्हता. ज्यांतील दोषांमुळे हा आजार होऊ शकतो, त्या एसओडी१ आणि सी९ऑर्फ७२ या जनुकांच्या तपासण्यांतही दोष आढळला नाही. "हाताला कळण्याआधी आत किती दिवस बिघडत होतं?" असे मामांनी मला विचारले. त्यांना प्रामाणिक उत्तर देता यावे, म्हणून हा प्रश्न मांडत आहे.

मला समजले ते असे. एसओडी१ आणि एफयूएस या जनुकांतील दोषांमुळे होणारे प्रकार वगळता, बहुतेक सर्व रुग्णांच्या चेतापेशींत टीडीपी-४३ प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात. या गुठळ्यांतील प्रथिन कोणते, हे २००६ साली ओळखले गेले. एरवी हे प्रथिन मुख्यतः पेशीच्या केंद्रकात राहून आरएनएच्या (जनुकातील सूचना प्रथिन बनवण्यासाठी नेणाऱ्या संदेशाच्या) तुकड्यांच्या जुळणीवर लक्ष ठेवते आणि नको असलेले तुकडे संदेशात शिरू देत नाही. ते केंद्रकातून कमी झाले की असे तुकडे शिरतात आणि चेतातंतूच्या दुरुस्तीला लागणारे स्टॅथमिन-२ हे प्रथिन पुरेसे तयार होत नाही. म्हणजे गुठळी हे डोळ्यांना दिसणारे चिन्ह असले, तरी खरे नुकसान केंद्रक रिकामे होण्यानेच सुरू होत असावे, असे मला वाटते. हे बरोबर आहे का, की दोन्ही गोष्टी एकमेकींना वाढवतात?

दुसरा प्रश्न तपासणीचा आहे. मामांच्या रक्तातील न्यूरोफिलामेंट लाइट हे चेतातंतूंतले प्रथिन वाढलेले आहे, परंतु ते चेतातंतूंची झीज दाखवते, टीडीपी-४३ बद्दल काहीच सांगत नाही, आणि इतर मज्जासंस्थेच्या आजारांतही वाढते. याउलट, त्या चुकीच्या जुळणीतून तयार होणारे प्रथिन पाठीच्या कण्यातील पाण्यात सापडू शकते, आणि सी९ऑर्फ७२ दोष असलेल्या काही व्यक्तींमध्ये ते लक्षणांपूर्वीच दिसले, असे २०२४ साली प्रसिद्ध झाले. ही तपासणी भारतात संशोधनाबाहेर कुठे उपलब्ध आहे का? आणि निदान झालेल्या रुग्णाला तिचा उपचाराच्या दृष्टीने काही उपयोग आहे का? तो नसेल, तर मामांच्या पाठीत विनाकारण सुई टोचू द्यावी असे मला वाटत नाही.

मज्जाविकारतज्ज्ञ किंवा या विषयावर काम करणारे कोणी असल्यास कृपया सविस्तर लिहावे. पुढील भेट येत्या गुरुवारी आहे. त्या वेळी डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत, हेही सुचवल्यास आभारी राहीन.