‘करावे’ हा आदेश की सल्ला? (मदत हवी आहे)

निळी शाई

तीन आठवडे एका भाषांतरात अडकले आहे. तेल-वायूच्या विहिरींची देखभाल शिकणाऱ्या मुंबई-उरण पट्ट्यातल्या तंत्रज्ञांसाठी प्रशिक्षणाचं साहित्य मराठीत करते आहे. त्यातलं एक प्रकरण अमेरिकेतल्या नियमांवर आहे. तिथे नैसर्गिक वायू जमिनीखाली साठवतात, बहुतेक ठिकाणी तेल-वायू काढून झालेल्या जुन्या क्षेत्रांतच. त्या कंपन्यांनी सुरक्षेसाठी काय पाळायचं, त्याचे हे नियम.

थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर अडचण कळणार नाही. २३ ऑक्टोबर २०१५ ला कॅलिफोर्नियात अलिसो कॅन्यन इथली एक साठवण-विहीर गळत असल्याचं लक्षात आलं. ती बंद व्हायला फेब्रुवारी २०१६ उजाडला. तोवर सुमारे ९७ हजार टन मिथेन हवेत गेला आणि शेजारच्या वस्तीतल्या हजारो कुटुंबांना घरं सोडून राहावं लागलं. विहीर १९५३ ची, मुळात तेलासाठी खोदलेली. तिचं केसिंग, म्हणजे विहिरीत आतून बसवलेली पोलादी नळी, भूजलातल्या जिवाणूंमुळे बाहेरच्या बाजूने गंजत गेलं आणि फुटलं. विहिरीत खाली बसवलेला सुरक्षा व्हॉल्व्ह १९७९ मध्ये काढला होता, तो परत बसवलाच नव्हता.

यानंतर २०१६ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात अंतरिम नियम आले. त्यांत तेल उद्योगाच्याच दोन शिफारस-पुस्तिका उचलल्या होत्या, एक मिठाच्या थरात केलेल्या पोकळ्यांसाठी आणि दुसरी जुन्या तेल-वायू क्षेत्रांसाठी. या पुस्तिकांत काही वाक्यं इंग्रजी ‘शॅल’ची (shall) आहेत, काही ‘शुड’ची (should). अंतरिम नियमाने ‘शुड’लाही ‘शॅल’चं वजन दिलं होतं. एखादी गोष्ट करायची नसेल तर का नाही, ते लेखी द्यावं लागणार होतं. उद्योगाने हरकत घेतली आणि २०२० च्या अंतिम नियमात फक्त ‘शॅल’ची वाक्यं बंधनकारक राहिली. म्हणजे या प्रकरणाचा सगळा जीव या दोन क्रियापदांत आहे.

मी ‘शॅल’ला ‘करावे लागेल’ आणि ‘शुड’ला ‘करावे’ केलं. एका तपासनिसांनी लाल शाईत लिहून पाठवलं, “करावे हा आदेश आहे, बदला.” दुसऱ्यांनी त्याच पानावर शिसपेन्सिलीने लिहिलं, “करावे फार मवाळ वाटते.” दोघेही मराठीत मुरलेले आहेत. खरं काय?

चर्चगेट फास्ट

पहिल्या तपासनिसांचं बरोबर आहे. माझी एकतीस वर्षं शासकीय कचेरीत गेली. शासन निर्णयात ‘संबंधितांनी तातडीने कार्यवाही करावी’ असं आलं की तो हुकूम असतो. तिथे ‘करावी’ वाचून कोणी विचार करत बसत नाही, फाईल हलते.

अधिनियमाची भाषा मात्र वेगळी. तिथे ‘शॅल’ला ‘करील’, ‘असेल’, ‘होईल’. ‘राज्य शासन समिती नियुक्त करील’ हे भविष्य सांगणारं वाक्य नाही, ते बंधन आहे. आणि ‘मे’ला (may) ‘करता येईल’. तेव्हा ताई, ‘शॅल’ला सरळ ‘करील’ घ्या. ‘कंपनी दर विहिरीची तपासणी करील.’ यात कुणाला शंका येणार नाही.

दादरच्या बाई

शंका येईल. मी शाळेत बावीस वर्षं व्याकरण शिकवलं. ‘कंपनी तपासणी करील’ हे वाक्य कायद्याचं पुस्तक न वाचलेल्या माणसासमोर ठेवा. तो म्हणेल, करील तेव्हा करील.

‘करावे’ हा विध्यर्थ. एकाच रूपाच्या पोटात किती अर्थ आहेत बघा. ‘मुलांनी वडीलधाऱ्यांचं ऐकावं’ हे कर्तव्य. ‘यंदा तरी पाऊस वेळेवर यावा’ ही इच्छा. ‘तो आत्ता घरी असावा’ हा तर्क. ‘गाणं म्हणावं तर लताबाईंनीच’ ही योग्यता. त्यामुळे दोन्ही तपासनीस खरं सांगताहेत, दोघांच्या कानात वेगवेगळा विध्यर्थ वाजतो आहे. आणि गंमत नाही, पण ‘विध्यर्थ’ या शब्दातच ‘विधि’ आहे, म्हणजे नियम. नावात आज्ञा आणि वापरात मोकळीक, हे या रूपाचं जुनं दुखणं आहे.

माहुलचा वारा

मी व्याकरणवाला नाही, फिटर आहे. चेंबूरच्या बाजूला बरीच वर्षं काम केलं. एक प्रसंग सांगतो, कंपनीचं नाव सांगणार नाही.

टाकीच्या तोंडाशी पत्र्याची पाटी होती: ‘टाकीत उतरण्यापूर्वी वायूची तपासणी करावी.’ पिवळ्यावर काळी अक्षरं, ‘करावी’तली वेलांटी गंजून गेलेली. ठेकेदाराचा माणूस घाईत होता, मीटर दुसऱ्या शेडमध्ये होता. तो म्हणाला, “करावी लिहिलंय, करायलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय?” हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकलेत. एक पोरगा उतरला आणि चौथ्या पायरीवर त्याचे हात सुटले. कमरेला दोरी होती म्हणून ओढून काढला. वाचला. पण त्या दिवसापासून पाटीवर ‘करावी’ दिसली की माझ्या पोटात खड्डा पडतो.

ताई, कचेरीत ‘करावी’ हुकूम असेल, आमच्याकडे नाही. तुमचं पुस्तक आमच्याकडे येणार आहे.

निळी शाई

माहुलचा वारा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. पाटीची ती ओळ मी टेबलासमोर लावून ठेवणार आहे.

माझी अडचण आता उलट बाजूने आणखी वाढली. ‘शुड’ला ‘करावे’ ठेवलं तर कचेरीतला वाचक त्याला बंधन समजेल, म्हणजे २०२० च्या नियमाविरुद्ध अर्थ जाईल. ‘शॅल’ला ‘करावे’ ठेवलं तर शेडमधला माणूस सल्ला समजेल, आणि ते त्याहून वाईट. ‘करावे’ दोन्हीकडून बाद होतंय.

साधा कागद

मग कशाला डोकं फोडायचं? ‘बंधनकारक’ आणि ‘शिफारस’ असे दोन शब्द दर वाक्याआधी ठळक अक्षरात छापा. क्रियापद काहीही ठेवा.

दादरच्या बाई

क्रियापद काहीही ठेवा? मग मराठी कशाला लिहायची? भाषेला जे वाक्यात सांगता येतं ते शिक्क्यांवर टाकायचं नसतं. ‘केलेच पाहिजे’ आणि ‘करणे इष्ट’ ही जोडी आपल्याकडे आहे. ती वापरा.

साधा कागद

बाई, मान राखून सांगतो, ‘इष्ट’ हा शब्द शेडमध्ये कोण बोलतं? ‘ऑप्शनल’ लिहा, शंभरातल्या शंभरांना कळेल.

दादरच्या बाई

‘शुड’ म्हणजे ऑप्शनल नव्हे! तिथेच घसरलात. शिफारस न पाळणाऱ्याने निदान विचार केलेला असायला हवा. ‘ऑप्शनल’ म्हटलं की विचारही संपतो. इंग्रजी शब्द आणून अर्थ आणखी पातळ झाला, नेमका नाही झाला.

जुनी पोथी

‘पाहिजे’चा विषय निघाला म्हणून लिहितो. हे ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप आहे. ‘कीजे’, ‘बोलिजे’ यांच्या पंगतीतलं. ‘पाहिजे’ म्हणजे मुळात ‘पाहिलं जातं’, ज्याची वाट पाहिली जाते, म्हणून जे हवं. म्हणजे ‘तपासणी केली पाहिजे’ या वाक्यात कोणीतरी बघतो आहे असा अर्थ आतून वाहतो. तपासणीच्या नियमाला याहून चांगलं क्रियापद सापडणार नाही.

चर्चगेट फास्ट

व्युत्पत्ती मान्य, पण त्यातून आजचा अर्थ काढू नये. ‘मला चहा पाहिजे’ म्हणणाऱ्याकडे कोण बघतंय?

जुनी पोथी

चहावाला बघतो. पण तुमचा मुद्दा कळला. मी व्युत्पत्ती अर्थ ठरवायला सांगत नाही, जोर कुठून आला ते सांगतोय.

मीठबंदर

मला दुसरंच खटकतंय. ताई, तुम्ही ‘जमिनीखाली साठवतात’ लिहिलंत ते उत्तम. पण शीर्षकात ‘भूमिगत’ लिहिणार की ‘भुयारी’? ‘भुयारी’ नको. भुयार म्हटलं की पोकळी आली, आणि मुंबईकराला तर मेट्रो तीनच आठवणार. जुन्या तेल-वायू क्षेत्रात पोकळी नसते. वाळूच्या दगडाच्या बारीक छिद्रांत वायू दाबाने बसतो, वर न झिरपणाऱ्या खडकाचं झाकण असतं. पोकळी असते ती मिठाच्या थरात, पाण्याने मीठ विरघळवून केलेली. आपल्याकडे विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूर इथे कच्चं तेल साठवायला खडक कोरून गुहा केल्या आहेत, त्यांना ‘भुयारी’ म्हणा हवं तर.

डोंबिवली सांगलीकर

‘साठवण’ कशाला? आपल्याकडे जमिनीखाली साठवायच्या जागेला अस्सल शब्द आहे: पेव! माझं आजोळ सांगलीजवळ. तिथून हाकेवर हरिपूर, हळदीच्या पेवांसाठी नावाजलेलं. २००५ च्या महापुरात तिथली बरीच पेवं पाण्यात गेली.

आजोबांच्या वाड्यात ज्वारीचं पेव होतं. तोंड एवढंसं, एक माणूस खांदे आवळून उतरेल इतकं, आणि आत घड्यासारखा फुगत गेलेला पोटाचा भाग. तोंडावरचा दगड काढला की पहिला दिवस कोणालाही जवळ फिरकू देत नसत. दुसऱ्या दिवशी आजी कंदील दोरीला बांधून सोडायची. मी कडेला पालथा पडून बघायचो. कंदील खाली जायचा, भिंतीची माती तांबूस दिसायची, आणि मध्येच ज्योत निळसर होऊन बसायची. मग आजी काही न बोलता दोरी वर ओढायची. म्हणजे आज नाही.

धान्य आत श्वास घेतं आणि त्याचा कोंदट वायू तळाशी साचतो, हे मला फार पुढे कळलं. आजीचं वाक्य एकच होतं: “दिवा सोडल्याबिगार उतरायचं न्हाई.” तेव्हा माझी सूचना: वायुपेव.

माहुलचा वारा

सांगलीकर, तुमच्या आजीचं वाक्य बघा. ‘उतरायचं न्हाई.’ ना ‘करावे’, ना ‘पाहिजे’, ना ‘करील’. आमचे जुने उस्ताद असंच बोलायचे. “आधी तपासायचं, मग उतरायचं.” त्यावर कोणी वाद घातलेला मी पाहिला नाही. ताई, ‘शॅल’ला हे चालेल का?

निळी शाई

मला तर फार आवडलं. ‘प्रत्येक विहिरीच्या जोखमीचा अंदाज घ्यायचा. सगळ्यांत धोक्याच्या विहिरींपासून सुरुवात करायची. चाळीस टक्के काम १३ मार्च २०२४ पर्यंत, उरलेलं १३ मार्च २०२७ पर्यंत पुरं करायचं.’ अंतिम नियमातली मुदत अशी वाचली की कानाला ठाम लागते. पण हे छापील नियमाचं मराठी म्हणून तपासनीस मान्य करतील? आणि मग ‘शुड’ला काय? तो अजून तसाच लोंबकळतोय.

चर्चगेट फास्ट

मान्य करणार नाहीत. ‘करायचं’मध्ये कर्ता गळून पडतो. नियमात कोणी करायचं ते आधी यावं लागतं, नाहीतर उद्या जबाबदारी कोणाची?

मीठबंदर

‘वायुपेव’ ऐकायला गोड आहे, पण मिठाच्या पोकळीपुरतंच चालेल. आणि एक सावधगिरी. पेवातला वायू हवेपेक्षा जड, म्हणून खाली बसतो. नैसर्गिक वायू हलका, वर येतो. तिथे कंदील सोडणं म्हणजे काडी लावणं. कोणी हा धागा वाचून दोन्ही एक समजू नये.

जानेवारी २००१ मध्ये कॅन्सस राज्यात हचिन्सन गावाबाहेरच्या मिठाच्या पोकळीतला वायू विहिरीच्या फुटक्या केसिंगमधून निसटला, जमिनीखालून साधारण अकरा किलोमीटर सरकला आणि गावात जुन्या, विसरलेल्या विहिरींतून वर आला. स्फोट झाले, दोन माणसं गेली. आपण ‘पेव फुटलं’ भरमसाट वाढीला म्हणतो. तिथे शब्दशः फुटलं.

जुनी पोथी

‘पेव फुटणे’चा अर्थ एवढा कसा बदलला, यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा. माझ्या मते पेव उघडलं की एकदम धान्यच धान्य दिसतं, त्यावरून.

दादरच्या बाई

मला वाटतं पावसाचं पाणी शिरून धान्य फुगतं आणि पेव खरोखर फुटतं, त्यावरून. आमच्याकडे नगरला असंच सांगत.

साधा कागद

ते पेव की ती पेव? आमच्या घरी ‘ती पेव’ म्हणायचे.

डोंबिवली सांगलीकर

ते पेव. अनेक पेवं. आजीकडून दुसरं काही कधी ऐकलं नाही. रविवारी मामाला फोन करून विचारतो, कंदील कुठल्या माळ्यावर आहे तेही.