मदत हवी आहे: पाचवा महिना, मोरीचं मटण आणि पाऱ्याची तपासणी

नमस्कार मंडळी,

विषय घरगुती आहे, पण इथे मासळीतले आणि प्रयोगशाळेतले, दोन्हींकडचे जाणकार आहेत म्हणून विचारतोय.

बायकोला पाचवा महिना आहे. आम्ही डोंबिवलीला, तिचं माहेर देवगडजवळ. सासूबाई महिन्यापूर्वी आल्या आणि तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मटण शिजतंय. त्यांच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देतातच, आणि ‘आत्तापासून अंगी लागलेली बरी’ हा त्यांचा हिशोब. त्यांची तीन बाळंतपणं यावरच झाली, त्यामुळे मी काय बोलणार?

परवा अमेरिकेतल्या मावसभावाने तिथल्या अन्न-औषध प्रशासनाची यादी पाठवली. गरोदर बायकांनी टाळायच्या माशांत शार्क, आणि त्याच यादीत किंग मॅकरेल. म्हणजे मोरी गेलीच, शिवाय सुरमई आणि बांगडापण गेला की काय? कारण माशांमधला मिथाइल मर्क्युरी, म्हणजे सेंद्रिय पारा.

घाबरून जवळच्या लॅबला फोन केला. ते म्हणाले, लघवीचं ‘हेवी मेटल पॅकेज’ आहे, घरी येऊन नमुना नेतो. आमच्या डॉक्टरीणबाई ‘मासे बेताने खा’ एवढंच म्हणाल्या.

१. मोरी बंद करायची का?
२. लघवीच्या तपासणीतून खरंच काही कळतं का?
३. मीठ-हळद-आगळ लावून, पहिलं पाणी टाकून दिलं तर पारा निघतो का? (हा सासूबाईंचा प्रश्न.)

बायकोने ‘तुझं गुगल बंद कर’ असं सांगितलंय, त्यामुळे हा धागा गुपचूप काढतोय.

— तिसऱ्यांची_एकशिपी

पोटोबा: आमच्या लहानपणी थर्मामीटर फुटला की पाऱ्याचे गोळे तळहातावर घेऊन खेळायचो. काही झालं नाही. उगाच बाऊ.

परीक्षानळी: पोटोबा, तो पारा वेगळा. पातळ पारा चुकून गिळला तरी आतड्यातून जवळपास शोषलाच जात नाही. त्याची वाफ वाईट. मिथाइल मर्क्युरी माशातून पोटात गेला की ९० टक्क्यांहून जास्त रक्तात उतरतो, मेंदूत शिरतो आणि वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाकडेही जातो. बाळाच्या नाळेतल्या रक्तात तर आईच्या रक्तापेक्षा जास्त सापडतो. दोन्हींना ‘पारा’ म्हणतो म्हणून गोंधळ.

एकशिपी, आधी दुसरा प्रश्न, कारण त्यात तुमचे पैसे वाचतील. लघवीची तपासणी धातुरूप किंवा असेंद्रिय पाऱ्यासाठी ठीक. मिथाइल मर्क्युरी शरीरातून बहुतांशी शौचावाटे जातो, लघवीत नाममात्र. त्यामुळे मासे खाणाऱ्याची लघवी तपासून ‘नॉर्मल’ आलं तर त्याला काही अर्थ नाही. रक्त तपासा नाहीतर केस. रक्त अलीकडच्या आठवड्यांचं सांगतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना त्या वेळचा पारा धरून ठेवतो, म्हणजे सहा सेंटिमीटरचा केस ही सहा महिन्यांची रोजनिशी. इराकमध्ये १९७१-७२ साली पारायुक्त बुरशीनाशक लावलेलं बियाण्याचं धान्य लोकांनी दळून भाकऱ्या केल्या. ६,५३० जण इस्पितळात आले, ४५९ दगावले. तेव्हा केसाचे तुकडे करून कुठल्या महिन्यात किती विष गेलं ते काढलं होतं.

तिसरा प्रश्न: नाही. पारा माशाच्या चरबीत किंवा कातड्यात नसतो, मांसातल्या प्रथिनाला चिकटलेला असतो. आगळाने वास जाईल, पारा नाही. तळा, उकडा, सुकवा, तेवढाच राहतो.

खाडीकाठी: बांगड्याची बदनामी थांबवा! तो किंग मॅकरेल अटलांटिकातला, आपल्या सुरमईचा चुलता. बांगडा प्लवकांवर जगतो. जो मासा दुसऱ्या माशांना खातो आणि बरीच वर्षं जगतो, त्याच्यात पारा साठत जातो. म्हणून बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी बिनधास्त. मोठी सुरमई, कुपा (ट्यूना) कमी. मोरीबद्दल एक सांगतो: आपल्या बाजारात बरीचशी मोरी हातभर जातीची, तिला मोठ्या शार्कच्या पंक्तीला बसवणं अन्याय आहे. पण कापून तुकडे विकायला ठेवले की कुठल्या माशाचे ते कोळीणच जाणे. नऊ महिने सोडा झालं.

माहेरची_वाट: मला दोन्ही गरोदरपणात घाबरवून मासेच बंद करायला लावले होते. तसं नका करू. दादा, त्या यादीच्या खाली वाचलंत का? कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम खा असंही तिथेच म्हटलंय.

परीक्षानळी: माहेरची_वाट, अगदी. सेशेल्समध्ये आया आठवड्याला बारा-बारा वेळा मासे खायच्या, मुलांत ठळक नुकसान दिसलं नाही. फेरो बेटांवर मात्र पायलट व्हेलचं मांस खात, तिथे मुलांच्या स्मरणशक्तीत आणि भाषेत थोडा फरक सापडला. काय खाता यावर सगळं आहे.

जपानमधल्या मिनामाताची भीती सगळे घालतात, पण तिथे कारखान्याचं पारा असलेलं सांडपाणी थेट खाडीत जात होतं. १९५६ च्या मे महिन्यात पहिली अधिकृत नोंद झाली, त्याआधी मांजरं वेडीवाकडी नाचून मरत होती. कारखान्याच्याच इस्पितळातल्या डॉ. होसोकावांनी १९५९ साली ते सांडपाणी ४०० नंबरच्या मांजराला खाऊ घालून तीच लक्षणं दाखवली. कंपनीने ते दाबलं आणि पाणी १९६८ पर्यंत सोडत राहिली. वार विष अडवते अशी तेव्हा डॉक्टरांची समजूत होती. आई धडधाकट आणि बाळ मात्र पांगळं, असं घरोघरी दिसायला लागलं तेव्हा ती मोडली. जपानी घरांत वाळलेली नाळ डबीत जपून ठेवतात. डॉ. हारादांनी त्या नाळा गोळा करून त्यांतला मिथाइल मर्क्युरी मोजला. मला आख्ख्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यांत जास्त लागते.

तुमचा मामला महिनाभराच्या मोरीचा आहे. आता थांबवलीत तर रक्तातलं प्रमाण साधारण ५० दिवसांत निम्म्यावर येतं. ‘डिटॉक्स’च्या गोळ्या मात्र या अवस्थेत मुळीच देऊ नका.

तिसऱ्यांची_एकशिपी: मंडळी, आभार! लघवीचं पॅकेज रद्द केलं. धागा बायकोने पकडला, पण खाडीकाठी यांचा बांगडा वाचून खूश झाली. डॉक्टरीणबाईंना विचारलं, रक्ताची गरज वाटत नाही म्हणाल्या, हवं तर केस पाठवा. सासूबाईंना ‘मोरी बाळंतपणानंतर बघू’ सांगितलंय, बाळंतिणीचं काय ते तेव्हा भांडू. केस कुठून कापायचे?

परीक्षानळी: डोक्याच्या मागच्या बाजूने, अगदी मुळाशी, पेन्सिलीएवढी बट. मुळाकडचं टोक दोऱ्याने घट्ट बांधा, नाहीतर लॅबला रोजनिशी कुठून वाचायची तेच कळणार नाही.

तिसऱ्यांची_एकशिपी: बांधलं. दोरा सासूबाईंनी दिला, गजऱ्याचा. चालेल ना?