मदत हवी आहे : पाचटाच्या कंपोस्टनंतर मका पिवळा, नत्र किती वाढवावे?

सांगली जिल्ह्यातील आमच्या दोन एकर काळ्या, चुनखडीयुक्त रानात मेअखेरीस एकरी पाच टन उसाच्या पाचटाचे कंपोस्ट मिसळून जूनमध्ये मका टोकला. पस्तिसाव्या दिवशी खालची पाने शेंड्याकडून मध्यशिरेच्या दिशेने पिवळी पडत आहेत. कंपोस्ट जेथे कमी पडले त्या कडेच्या सऱ्या मात्र हिरव्या आहेत. मातीत पाचटाचे तुकडे अजून ओळखू येतात, त्यामुळे ते कुजवणारे जिवाणूच उपलब्ध नत्र ओढून घेत असावेत, असा माझा तर्क आहे. लोहाची कमतरता असती, तर आधी नवी पाने पिवळी पडली असती.

माती परीक्षणात सामू ८.४, सेंद्रिय कर्ब ०.४१ टक्के आणि मुक्त चुना ११ टक्के आला. निचरा चांगला आहे. पेरणीवेळी नत्राचा एक तृतीयांश हप्ता दिला होता. दोन टक्के युरियाच्या फवारणीने आठवडाभरच रंग सुधारला. दुकानदार जिप्सम (जास्त सोडियम असलेली जमीन सुधारण्याचे खनिज) सुचवतो, परंतु विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना धरून असलेले सोडियम, तपासलेलेच नसताना तो खर्च मला पटत नाही.

याच रानात ऑक्टोबरमध्ये कांदा लावायचा आहे. अशा स्थितीत मक्याचा दुसरा हप्ता शिफारशीपेक्षा किती वाढवावा, आणि कांद्यापर्यंत हे पाचट पुरेसे कुजेल का?