मदत हवी आहे: तीन डॉक्टर, दोन लॅब, एक रुग्ण. फाइल 'पोर्टेबल' कशी करायची?

मोरपीस:
रुग्णाचं वय ७२. मधुमेह, किडनीचं जुनं दुखणं, पेसमेकर बसवलेला. बरेचसे रिपोर्ट फोटो काढून गॅलरीत ठेवलेत, शिवाय सीटी स्कॅनच्या दोन सीडी आहेत. सगळ्याची मिळून एक पीडीएफ केली तर भागेल का? आणि डॉक्टरांना त्याचा खरंच उपयोग होतो, की तपासण्या पुन्हा लिहून देणारच?

उंबरठा:
फोनमध्ये आहे म्हणजे पोर्टेबल झालं असं नाही. समोरच्या सिस्टीमला तो आकडा वाचता आला पाहिजे. पीडीएफमधलं 'क्रिएटिनीन १.३' (किडनी कसं काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) हे मशीनच्या लेखी नुसतं चित्र किंवा मजकूर. तेच 'फायर' (FHIR, आरोग्याची माहिती एका सिस्टीममधून दुसरीत नेण्याचं मानक) मध्ये आलं की सोबत तपासणीचा लॉइंक कोड (प्रत्येक तपासणीचा ठरलेला जागतिक क्रमांक; रक्तातल्या क्रिएटिनीनचा २१६०-०), एकक, नमुना घेतल्याची वेळ आणि लॅबची नॉर्मल रेंज असं सगळं येऊ शकतं. मग दोन लॅबचे आकडे एकाच आलेखावर मांडता येतात. एक लॅब १.३ मिग्रॅ/डेसिलिटर लिहिते, दुसरी ११५ मायक्रोमोल/लिटर. दोन्ही एकच (मिग्रॅच्या आकड्याला ८८.४ ने गुणायचं), पण एकक सुटलं की घोटाळा. साखरेत मिमोल/लिटरच्या आकड्याला १८ ने गुणलं की मिग्रॅ/डेसिलिटर. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ७% आणि ५३ मिमोल/मोल हेही एकच.

त्यामुळे अ‍ॅप निवडताना एवढंच बघा: त्यातून डेटा 'फायर'मध्ये बाहेर काढता येतो का? आत घ्यायला सगळेच तयार असतात, बाहेर द्यायची वेळ आली की फक्त पीडीएफ हातात पडते.

स्टेथो:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. काही तपासण्या पुन्हा होणारच. पोटॅशियम, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) दोन-चार दिवसांत बदलतात, तिथे जुना आकडा नव्याची जागा घेऊ शकत नाही. जुन्या आकड्यांची किंमत तुलनेत आहे. क्रिएटिनीन ०.८ चं १.२ झालं तर दोन्ही रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलेलं असू शकतं. शेजारी ठेवले की कळतं, किडनीची गाळण्याची ताकद साधारण एक तृतीयांश घटली आहे. ईजीएफआर (क्रिएटिनीनवरून काढलेला याच ताकदीचा अंदाज) ३० च्या खाली गेला तर मधुमेहाची मेटफॉर्मिन थांबवावी लागते, म्हणून हा उतार वेळेत दिसायला हवा. जुन्या ईसीजीचंही तसंच. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या रुग्णाच्या ईसीजीतला लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूला जाणाऱ्या विद्युत संदेशातला अडथळा) नवा की जुना, ते जुनी पट्टी दाखवते. 'ईसीजी नॉर्मल' या दोन शब्दांवर भागत नाही, पट्टीच हवी.

आणखी एक नेहमीची चूक: दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन ब्रँडनी लिहिलेलं असतं आणि रुग्ण दोन्ही घेत राहतो. यादीत आधी औषधाचं मूळ नाव लिहा, मग मात्रा आणि वेळ. ब्रँड कंसात.

उंबरठा:
कागदपत्रांचे दोन थर करा. वर एकच पान, खाली मूळ फायली. आंतरराष्ट्रीय रुग्ण-सारांशाच्या मानकात (आयएसओ २७२६९, २०२१) तीन भाग सक्तीचे आहेत: आजार, औषधं, अ‍ॅलर्जी. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. अ‍ॅलर्जी नसेल तर 'ज्ञात अ‍ॅलर्जी नाही' असं लिहा. जागा कोरी सोडली तर विचारलंच नव्हतं की खरंच नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही. तारखा २०२४-०४-०३ अशा. ०३/०४ कोणी ३ एप्रिल वाचतो, कोणी ४ मार्च.

पेसमेकरचा नुसता उल्लेख पुरेसा नाही. जनरेटरचा (त्वचेखालच्या बॅटरीच्या डबीचा) मॉडेल नंबर आणि प्रत्येक लीडचा (हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेचा) मॉडेल नंबर, दोन्ही टाका. एमआरआय करता येईल का हे दोन्हींवर मिळून ठरतं. जुनी, न वापरातली लीड आत राहिली असेल तर तेही लिहा.

लॅबकडून फोटो नको, मूळ पीडीएफ मागा. मजकूर बोटाने निवडता आला तर ती मूळ, नाहीतर स्कॅन.

मोरपीस:
आभार! सीडीतल्या फायली लॅपटॉपवर घेतल्या, पण त्यांना एक्स्टेन्शनच नाही. शेवटी .जेपीजी लावून पाहिलं, उघडत नाहीत.

पिक्सेल:
त्या डायकॉम (स्कॅनच्या प्रतिमा साठवण्याचं वैद्यकीय मानक) फायली आहेत, नावं बदलू नका. सीडीत 'डायकॉमडीर' नावाची एक फाइल असते, कुठली प्रतिमा कुठल्या फोल्डरमध्ये आहे याची ती अनुक्रमणिका. नावं बदलली किंवा एखादंच फोल्डर उचललं की अनुक्रमणिका चुकते. अख्खी सीडी जशीच्या तशी कॉपी करा आणि डायकॉम व्ह्यूअरमध्ये उघडा. फिल्मचा मोबाइल फोटो निदानाला चालत नाही. सीटीच्या एका बिंदूला साधारण ४,०९६ छटा असतात, साध्या जेपीजीत करड्या रंगाच्या २५६. शिवाय पाचशे काप असतील तर फिल्मवर त्यातले मोजकेच येतात.

स्टेथो:
एक राहिलं. पासवर्ड मूळ फायलींच्या फोल्डरला लावा, पण पेसमेकर, अ‍ॅलर्जी आणि रक्त पातळ करणारं औषध एवढं फोनच्या लॉक स्क्रीनवरच्या 'मेडिकल आयडी'त भरा. तो फोन अनलॉक न करता दिसतो. औषध बदललं की तिथेही त्याच दिवशी बदला. जुनी मात्रा लिहिलेली राहिली तर ती कोऱ्या जागेपेक्षा घातक.