सोसायटीसाठी एचडी डीव्हीआर: घ्यावा की पैसे पाण्यात?

तिसरा मजला
डोंबिवलीतली आमची चार मजली जुनी इमारत. पूर्वी कधीतरी बसवलेले आठ अ‍ॅनालॉग कॅमेरे आहेत. मागच्या महिन्यात पार्किंगमधून मुलाची गिअरची सायकल गेली. रेकॉर्डिंग काढून पाहिलं तर एक करडी आकृती सायकल ढकलत नेताना दिसते. माणूस आहे, एवढंच छातीठोक सांगता येतं. पंधरवड्यात डीव्हीआरनेही, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या यंत्रानेही, मान टाकली.

आता कमिटीपुढे प्रस्ताव असा: आठ चॅनेलचा एचडी डीव्हीआर, २ टीबीची डिस्क, आठ नवे कॅमेरे, केबल जुनीच. खर्च तीस हजारांच्या आतबाहेर. रविवारी सभा आहे.

माझं मत, घ्यावा. जुन्या यंत्रात चित्र जास्तीत जास्त ७०४ × ५७६ चं यायचं, नव्यात १९२० × १०८०. म्हणजे पाचपट ठिपके, तेही भिंती न फोडता. पण सभेत दोघं-तिघं आडवे पडणार हे नक्की. दोन्ही बाजू इथेच ऐकून घेतो.

शंकेखोर
आडवं पडणाऱ्यांतला एक मी, फक्त तुमच्या सोसायटीत राहत नाही.

पाचपट ठिपके कशाचे? पार्किंगमधला कॅमेरा दहा फुटांवर, तुळईला. तिथून दिसते माणसाची टोपी. टोपीचे ठिपके पाचपट झाले तर टोपी जास्त छान दिसेल. रात्री तर विचारूच नका. कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड, म्हणजे अंधारात बघायचा उजेड, थेट नंबरप्लेटवर पडतो, प्लेट पांढरीफटक. पावसाळ्यात त्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि भिंगावर जाळं धरलं की रात्रभराचं रेकॉर्डिंग म्हणजे नुसती पांढरी दोरी हलताना. आमच्याकडे सकाळी झाडू घेऊन कोण चढणार यावरच कमिटीत वाद झाला होता.

तीस हजारांत पार्किंगला सेन्सरचे चार चांगले एलईडी बसतील, मागच्या गेटला कडी-कुलूप होईल, वर पैसे उरतील.

जोडणी_दुरुस्ती
वीस एक वर्षं हेच काम करतोय, म्हणून थोडं सविस्तर.

शंकेखोरांचं कॅमेऱ्याच्या उंचीबद्दल शंभर टक्के बरोबर. ओळख पटवायची तर गेटवर एक कॅमेरा चेहऱ्याच्या जवळपासच्या उंचीला हवा. बाकीचे सात वरून असले तरी चालतात, ते ‘काय घडलं’ सांगतात, ‘कोण’ ते नाही. पण म्हणून डीव्हीआर नको हे पटत नाही.

जुन्या केबलवर एचडी चालतं का, ही शंका सगळेच काढतात. चालतं. केबल बरी असेल तर इमारतीपुरत्या अंतराला काहीच अडचण नाही. अडचण जोडांची. गच्चीवरचे केबलच्या टोकाचे बीएनसी पिना पावसाने हिरवे पडलेले असतात, ते सगळे नवे घालून घ्या. आणि कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस जुनाच ठेवला तर रात्री इन्फ्रारेड चालू झाला की व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद-चालू खेळत बसतो. ग्राहक दोष देतो डीव्हीआरला.

आता खरी मेख. कोटेशनमध्ये ‘१०८०एन’ किंवा ‘१०८०पी लाइट’ लिहिलंय का बघा. असेल तर ते ९६० × १०८० आहे, आडवं चित्र निम्मं. पडद्यावर ताणून दाखवतात, त्यामुळे दुकानात कळत नाही. गाडीचा नंबर वाचायची वेळ आली की कळतं. ‘सर्व चॅनेलवर एकाच वेळी पूर्ण १०८०पी, सेकंदाला किमान १५ फ्रेम’ असं लेखी मागा. तोंडी ‘फुल एचडी आहे साहेब’ला काडीची किंमत नाही.

दुसरं, डिस्क. एच.२६५ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत, एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट (एमबीपीएस) धरा. दिवसाला साधारण २१ जीबी होतात, आठ कॅमेऱ्यांचे १७० च्या वर. २ टीबी अकरा दिवसांत भरते, मग पहिल्यावर नवं लिहिलं जातं. गावाला गेलेला माणूस परत येऊन ‘माझ्या स्कूटरचा आरसा गेला’ म्हणेपर्यंत ते पुसलेलं असतं. जिन्यातल्या कॅमेऱ्यांना हालचाल झाली तरच रेकॉर्ड लावा, गेटला अखंड. म्हणजे दिवस बरेच वाढतात. डिस्क मात्र सर्व्हिलन्सचीच, म्हणजे अखंड रेकॉर्डिंगसाठी बनवलेलीच घ्या, जुन्या कॉम्प्युटरमधली काढून घालणारे महाभाग आहेत आमच्या धंद्यात.

नवा_गडी
या जमान्यात डीव्हीआर?? थेट एनव्हीआर आणि आयपी कॅमेरे घ्या, म्हणजे नेटवर्कवर चालणारं रेकॉर्डर आणि कॅमेरे. एकाच कॅट-६ नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही. पुढे ४ मेगापिक्सेल, ८ मेगापिक्सेल हवं तेव्हा वाढवा. आज तीस हजार घालून जुन्याच वाटेने कशाला जायचं?

जोडणी_दुरुस्ती
नवी इमारत असती तर मीही हेच म्हणालो असतो. यांची केबल भिंतीत गाडलेली आहे. आठ नव्या ओढायच्या तर केसिंगपट्ट्या, मजुरी, वर रंगाचा खर्च. तो तुमच्या हिशोबात दिसला नाही.

नवा_गडी
एकदाच होणारा खर्च आहे. असो.

काळा_कोट
‘चित्र दिसलं म्हणजे चोर सापडला’ असं गृहीत धरून सगळे बोलताहेत. प्रकरण कोर्टात गेलं तर त्या रेकॉर्डिंगचं काय होतं तेही बघा.

जालन्याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला की नाही, यावर अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल या उमेदवारांत वाद झाला. पुराव्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण होतं. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्पष्टच सांगितलं: कॉपी देणार असाल तर पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीला येऊन हजर केलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. प्रमाणपत्राचे दोन भाग झाले, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅशही, म्हणजे तिचा अंकी ठसाही, नोंदवावी लागते.

आता सांगा, तुमच्या सोसायटीत यंत्र सांभाळणारा कोण? बहुतेक ठिकाणी पासवर्ड त्या बसवणाऱ्या पोराला माहीत, आणि त्याने नंबर बदललेला. मॉनिटरचं मोबाइलवर शूटिंग करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात आणि पोलिसांना तेच देतात. शिवाय घड्याळ. वीज जाऊन-येऊन डीव्हीआरचं घड्याळ वीस मिनिटं मागे गेलेलं असलं की समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो. मी तरी ठेवीन.

अंगण
मी विरोधात, आणि कारण कुणी काढलंच नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे एचडी आलं तेव्हापासून जिन्यातला कॅमेरा समोरच्या ब्लॉकचं दार उघडलं की आत सोफ्यापर्यंत दाखवतो. पूर्वी धूसर होतं म्हणून कुणाला काही वाटत नव्हतं. अ‍ॅप पाच कमिटी मेंबरांच्या फोनवर. अमक्यांच्या मुलीला सोडायला रात्री कोण आलं, याची चर्चा दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापाशी. चोर एकही सापडला नाही.

जोडणी_दुरुस्ती
ताई, त्याला सोय असते. प्रायव्हसी मास्क म्हणतात, दारापुरता भाग काळा करता येतो. दहा मिनिटांचं काम. अ‍ॅपचे हक्कही वेगवेगळे देता येतात.

अंगण
सोय असते हो. करतं कोण?

शंकेखोर
अ‍ॅपवरून आठवलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास कोलमडले होते. हल्ला झाला होता मिराई नावाच्या जाळ्यातून, आणि त्यात राबवलेली यंत्रं कुठली, तर लोकांच्या घरचे कॅमेरे आणि डीव्हीआर. कंपनीने दिलेला पासवर्ड कुणी बदललेलाच नव्हता. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली, चांगलंच झालं. पण सोसायटीचा पासवर्ड इमारतीचं नाव आणि १२३ असेल तर सरकार काय करणार?

तिसरा मजला
इतकं ऐकूनही माझा कल घेण्याकडेच आहे. अंगणताईंचा मुद्दा मात्र प्रस्तावात घालतो: जिन्यातल्या कॅमेऱ्यांना मास्क, अ‍ॅप फक्त सेक्रेटरी आणि अध्यक्षांकडे, आणि कुणीही रेकॉर्डिंग पाहिलं की वहीत नोंद. कॅमेरे आठांऐवजी सहा घेतो, वाचलेल्या पैशांत दिवे.

शंकेखोर, तुमचा एक प्रश्न उलटा विचारतो. सायकल गेली तेव्हा पार्किंगचा दिवा चालू होता. मग?

शंकेखोर
मग त्या उजेडात चोराला सायकल नीट निवडता आली!

थट्टा सोडा. गेटवर एक चांगला कॅमेरा, डोक्याच्या उंचीला, त्याला माझी हरकत कधीच नव्हती. बाकी पाच कशाला, ते अजून कळलेलं नाही.

काळा_कोट
पासवर्डची चिठ्ठी बंद पाकिटात, सोसायटीच्या कपाटात. आणि घड्याळ दर महिन्याला मेंटेनन्सची बिलं काढतानाच तपासा, म्हणजे विसरायला होत नाही.

जोडणी_दुरुस्ती
कोटेशनचा फोटो टाका इथे, दुकानाचं नाव झाकून. १०८०एन आहे का ते रविवारच्या आत सांगतो.