पांगरा शिंदेचा धक्का: मळ्यातलं घर हललं, माळावरचं नाही. असं का?

मळेवाली_वसमत
हिंगोली जिल्ह्यातलं पांगरा शिंदे आमच्यापासून जवळच. जमिनीतून गुडगुड येणं इकडं नवं नाही. पण 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास 4.5 चा भूकंपाचा धक्का बसला तेव्हा मी मळ्यातल्या घरी चहा ठेवत होते. फडताळातली भांडी खाली आली. जाऊबाई अर्ध्या किलोमीटरवर, माळावरच्या घरात. त्यांना खाट हलल्यासारखी वाटली, बस्स. 10 जुलैला पुन्हा 4.5 चा झाला, तेव्हाही तेच. दोन्ही घरं एकाच गवंड्यानं बांधलेली, एकमजली. आता आम्हाला मळ्यातल्या घरावर मजला चढवायचाय. जमिनीनं इतका फरक पडतो का?

तेरणाकाठचा
पडतो, ताई. मळ्यातल्या विहिरीला मुरूम किती परसांवर लागला?

मळेवाली_वसमत
काळी आणि ओढ्याचा गाळ मिळून पाच परस. मग मांजऱ्या (मऊ खडक), मग काळा पाषाण. माळावर हातभर खणलं की मुरूम.

तेरणाकाठचा
म्हणजे मऊ थर साधारण 9 मीटर. भूकंपाची आडवी हलवणारी लहर घट्ट पाषाणातून सेकंदाला दोन-अडीच किलोमीटर जाते. मऊ मातीत ती 150-200 मीटरवर येते. वेग घटतो पण ताकद तेवढीच, म्हणून झोका मोठा होतो. शिवाय लहर पाषाण आणि जमिनीचा पृष्ठभाग यांच्यात अडकून वरखाली आपटत राहते, आणि थराला स्वतःचा एक ठेका असतो, म्हणजे एक झोका पुरा व्हायला लागणारा वेळ. थराच्या जाडीची चौपट भागिले लहरीचा वेग: 36 भागिले 180, म्हणजे 0.2 सेकंद.

आता घराचा ठेका. ढोबळमानानं मजल्यामागं 0.1 सेकंद. तुमचं आजचं घर 0.1 चं. वर मजला चढवलात की 0.2 होईल, म्हणजे खालच्या मातीशी बरोबर जुळेल आणि घराचा झोका वाढत जाईल. मला काळजी याचीच वाटते. 1985 मध्ये मेक्सिको सिटीत हेच झालं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब, पण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या चिखलावर. त्या चिखलाचा ठेका दोन सेकंदांच्या आसपास, त्यामुळे मधल्या उंचीच्या इमारती जास्त कोसळल्या. खडकावरचा भाग बराचसा वाचला.

पण सगळा दोष मातीवर टाकू नका. 30 सप्टेंबर 1993 ला, किल्लारीच्या भूकंपावेळी, मी सहावीत होतो, गाव औसा तालुक्यात. रात्री गणपती बोळवून झोपलो होतो. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना वाडा बसला. दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचं जड माळवद, म्हणजे सपाट छप्पर. आजीला त्याखालून काढलं तोवर उजाडलं होतं. चुलत्याचं पत्र्याचं शेड त्याच जमिनीवर, वाड्याला लागून, उभंच राहिलं.

तेव्हा मोठी माणसं म्हणायची, आपल्याखाली पाषाणाची चादर आहे, आपल्याला भ्या नाही. पुढं किल्लारीला 617 मीटर खोल भोक घेतलं, त्यात बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, 338 मीटरच निघाला. त्याखाली थोडा गाळाचा थर, मग फार जुना खडक. भूकंप त्या जुन्या खडकातून उठला. वरची चादर त्याला अडवत नाही.

सेंट्रिंगवाला_नांदेड
ताई, काळीत पाया थांबवला की उन्हाळ्यात माती भेगाळते, पावसात फुगते, भिंती तडकतात. ती तड लोक भूकंपाची समजतात. पाच परस खणून मुरूम गाठणं परवडत नाही, म्हणून काळीत खाली फुगा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घेतात. जोत्याला आणि दारा-खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यात उभी सळई, एवढं तरी सोडू नका. जुन्या घराला हे नसेल तर त्यावर मजला घेऊच नका.

मळेवाली_वसमत
पट्टा जोत्याला आहे, वर नाही. घरी बोलले, मजला रद्द. जाऊबाईंच्या शेजारी माळावर दोन खोल्या काढू. पण आता शाळेचं डोक्यात बसलंय. ती ओढ्याकाठी भरावावर उभी आहे आणि पोरं दिवसभर तिथंच असतात. तिच्या आवारात बोअर घेतला होता. गाळ किती फुटांवर संपला, ते बोअरवाल्याला विचारून उद्या इथं टाकते. तेरणाकाठचे दादा, तेवढा हिशेब करून द्याल का?